गाडी कधी सोडायची आणि कुणाच्या हाती द्यायची

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो होतो, पण थांबलो. याच प्रश्नाला एकदा उभ्याउभ्या उत्तर देऊन मी चुकलो होतो. ते पुढे सांगतोच. म्हणून या वेळी दोन दिवस घेतले.

आधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही दिसेल. तुमचं वय ७७. १९५२ ची एमजी टीडी, म्हणजे दोन सीटची उघडी इंग्लिश गाडी, १९७९ पासून तुमच्याकडे, कोथरूडच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असते. डावा गुडघा बदलून दोन वर्षं झाली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. मागच्या महिन्यात पौड रस्त्यावर पुढची रिक्षा अचानक थांबली आणि तुमचा ब्रेक उशिरा लागला. वीतभर अंतरानं निभावलं. मुलगा कॅनडात, मुलगी बाणेरला. मुलगी म्हणते, "बाबा, आता विका." मुंबईचा एक व्यापारी दोनदा घरी येऊन गेला, सगळी रक्कम रोख द्यायला तयार आहे. आणि तुमचा प्रश्न आहे, "गाडी केव्हा सोडावी आणि सोडायची तर कशी?"

माझं थोडक्यात सांगतो. नाना पेठेत वडिलांचं छोटं गॅरेज होतं, तिथेच पाने पुसता पुसता शिकलो. आता मी ६२ चा आहे, आणि गेली ३८ वर्षं फक्त जुन्या इंग्लिश गाड्यांचं काम करतोय. टीडी म्हणाल तर सात गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. या काळात गाड्या तरुण होत गेल्या आणि त्यांचे मालक माझ्या डोळ्यांसमोर म्हातारे झाले. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही, पण सोपाही कधी वाटला नाही.

तुम्ही "सोडणं" हा एकच शब्द वापरलाय. मला त्यात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात: गाडी चालवणं, तिची निगा राखणं, आणि ती आपल्या नावावर असणं. वय या तिन्ही एकदम काढून घेत नाही. गर्दीत चालवणं आधी अवघड होतं, मग खाली वाकून ग्रीस मारणं, आणि मालकी तर नुसत्या सहीवर कितीही वर्षं टिकते. बहुतेक मंडळी तिन्ही शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवतात. मग एखाद्या दिवशी तिन्ही एकदम जातात, आणि तेव्हा निर्णय दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. माझं सांगणं असं, की या तिन्हींचा विचार वेगवेगळा करा. आणि मालकीचा निर्णय लोक समजतात त्यापेक्षा बराच लवकर घ्या, तुम्ही शेजारच्या सीटवर बसून शिकवू शकता तोवर.

आता चालवण्याचं.

तुमच्या रिक्षाच्या प्रसंगाकडे मी आधी मेकॅनिक म्हणून बघतो. टीडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी सोय, नाही. गाडी थांबते ती निव्वळ तुमच्या पायाच्या जोरावर. आजच्या गाडीचं पेडल पंजानं दाबलं तरी पुरतं, टीडीचं मांडीतून दाबावं लागतं. तेव्हा आठवून बघा, त्या दिवशी पेडल किती खाली गेलं? फळीपर्यंत गेलं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं असेल, तर शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग, झिजलेत किंवा ॲडजस्टमेंट सुटली आहे. या ड्रमचे शू हातानं ॲडजस्ट करावे लागतात, ते आपोआप पुढे येत नाहीत. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर व्हील सिलेंडर किंवा मास्टर सिलेंडर गळतोय. ही गाडीची दुखणी आहेत, तुमची नाहीत, आणि तुमच्या वयाच्या माणसाला घरचे लगेच "आता वय झालं" म्हणतात तेव्हा ही शक्यता आधी तपासायला हवी. मी असे दोन मालक पाहिलेत ज्यांनी गाडी चालवणं बंद केलं, आणि नंतर मी ड्रम उघडले तर आत लायनरला ब्रेक ऑइल लागलेलं. टायरही बघा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर दिसते म्हणून लोक १५ वर्षांचे टायर वापरतात. तोवर रबर दगडासारखं झालेलं असतं आणि ब्रेक लागला तरी गाडी घसरत जाते.

पण पेडल वरच होतं, कडक होतं आणि तरीही उशीर झाला असेल, तर पाय उशिरा पोचला. त्याचा उपाय माझ्या गॅरेजमध्ये नाही.

ते तपासायची माझी एक पद्धत आहे. ती डॉक्टरी नाही, पण मला उपयोगी पडली आहे. गाडी बंद असताना सीटवर बसा आणि ब्रेक जीव खाऊन दाबून, मनात वीस मोजेपर्यंत धरून ठेवा. पाय थरथरला तर त्या पायावर उतारावरच्या सिग्नलला भरवसा ठेवू नका. मग क्लच दहा वेळा पूर्ण दाबून सोडा. तुमचा बदललेला गुडघा डावा आहे, म्हणजे क्लचचा, आणि टीडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर न करकरता बसवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे एका वळणावर तोच गुडघा दोनदा. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत अर्ध्या तासात हा हिशेब कुठे जातो बघा. नंतर टप लावून मान वळवा, दोन्हीकडे. टप लावलेल्या टीडीत मागचं जे दिसतं ते मागच्या छोट्या खिडकीतून. मान खांद्यापर्यंत वळत नसेल तर डावीकडून घुसणारी दुचाकी तुम्हाला दिसणारच नाही, आणि पुण्यात ती घुसणारच. उघड्या टपानं, रविवारी सकाळी साडेसहाला, हीच मान पुरेशी असते. म्हणून "चालवू शकतो की नाही" असं एका शब्दात मी कधीच सांगत नाही. कुठे, केव्हा, किती वेळ, यावर सगळं आहे.

रात्रीचं मात्र लगेच बंद करा. यात मी "परिस्थितीप्रमाणे" म्हणणार नाही. एक मोतीबिंदू राहिलाय, समोरून आजचे पांढरेशुभ्र एलईडी दिवे येतात आणि तुमचे दिवे ७० वर्षांपूर्वीच्या रस्त्यांसाठी बनवलेले. शिवाय मागून येणाऱ्याला तुमचे ते लहानसे टेललाइट वेळेत दिसत नाहीत. स्टीअरिंगचा दांडा तुमच्या छातीसमोर सरळ आहे, दबणारा नाही. सीटचे पट्टे बसवून घेतले नसतील तर तेही नाहीत. आजच्या हॅचबॅकमध्ये जो धक्का बंपरवर भागतो, तो इथे बरगड्यांवर येतो.

लायसनबद्दल एक. वयाच्या ५५ नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं आणि सोबत डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. तो मिळाला म्हणजे टीडी चालवायलाही आपण योग्य आहोत असं समजू नका. सही करणाऱ्या डॉक्टरांना या पेडलला किती जोर लागतो हे माहीत नसतं. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला मात्र गाडीचं नाव घेऊन विचारा. सीट किती खाली आहे, पेडल किती जड आहे, हे सांगून विचारलंत तर उत्तर वेगळं येतं.

कानांचं कुणी विचारत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. टीडीची चावी फिरवली की पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या एसयू पंपाची टिकटिक सुरू होते, आधी भराभर, मग सावकाश, आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की थांबते. सेल्फ ओढायच्या आधी तुम्ही ४५ वर्षं ती ऐकत आला असाल. माझे एक जुने गिऱ्हाईक होते, तुमच्याच वयाचे, गाडी टीडीच. एका सकाळी आम्ही दोघं गाडीजवळ उभे होतो. त्यांनी चावी फिरवली आणि टिकटिक काही थांबेना. वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकली होती, पेट्रोल वाहून खाली एक्झॉस्टच्या बाजूला ठिबकत होतं. ते शांतपणे सेल्फच्या खटक्याकडे हात नेत होते. मी हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "का रे, पंप चालू आहे का?" त्यांना ती टिकटिक कितीतरी महिने ऐकूच येत नव्हती, आणि ती येत नाही हेही कळलं नव्हतं. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी कानाचं मशीन घेतलं आणि त्यानंतर एकट्यानं गाडी काढणं थांबवलं. दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे होते. उद्या सकाळी चावी फिरवाल तेव्हा मुलीला शेजारी उभं करा आणि टिकटिक कधी थांबली ते दोघांनी वेगवेगळं सांगा.

एकट्यानं काढणं थांबवलं म्हणजे गाडीतून उतरलात असं नाही. डावीकडच्या सीटवर बसा. माझे ते गिऱ्हाईक गेली पाच वर्षं डावीकडे बसून फिरताहेत. खडकवासल्यापर्यंत जातात, चहा घेतात, परत येतात. सुरुवातीला त्यांचा उजवा पाय फळीवर ब्रेक शोधत असे. हळूहळू ते गिअरचा आवाज ऐकायला लागले, आणि चालवणाऱ्या पोराला नुसत्या आवाजावरून सांगायला लागले, "आता तिसरा." मला वाटतं, तिथून गाडीचं हस्तांतर खरं सुरू झालं.

निगेबद्दल फार लांबण लावत नाही, पण एक समजूत काढून टाकायला हवी. "आता चालवत नाही, तर निदान झाकून ठेवू." उभी गाडी टिकत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, जुन्या रबराला फुगवतं, आणि तुमच्या एसयू कार्बोरेटरच्या जेटमध्ये जे कॉर्कचे वायसर आहेत ते गाडी उभी राहिली की सुकून गळायला लागतात. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं आणि सिलेंडर आतून गंजतात. पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने गाडी हलली नाही तर शू ड्रमला चिकटतात आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाकूड. टीडीचा पत्रा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला आहे हे तुम्हाला माहीत आहेच. त्याला ओल लागली, वाळवी लागली, की बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुसा. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास तरी ती चालली पाहिजे, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. पोर्चमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे त्यापेक्षा वाईट, कारण एक्झॉस्टमध्ये पाणी साचून राहतं.

ही अर्ध्या तासाची फेरी कोण मारणार, हाच खरा प्रश्न आहे. नाव कुणाचंही असो.

आता माझी चूक. सुमारे दहा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला हेच विचारलं होतं. गाडी एमजी टीएफ, म्हणजे टीडीच्या नंतरचं मॉडेल, त्यांचं वय ७४. मी पान्याला लागलेलं ग्रीस पुसत म्हणालो, "सर, तब्येत ठणठणीत आहे, घाई काय आहे?" चौदा महिन्यांनी ते झोपेत गेले. मुलं तीन, एक परदेशात. कुणाला गाडी ठेवायची होती, कुणाला विकायची होती, आणि तिसऱ्याचा संमतीचा कागद येईना. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या आवरणाखाली चार पावसाळे उभी राहिली. मला बोलावलं तेव्हा मी दार उघडलं आणि दाराखालची लाकडी तुळई माझ्या मुठीत आली, ओल्या बिस्किटासारखी. मीटर, दिवे, कार्बोरेटर सुटे सुटे विकले गेले. सर ज्या सीटच्या चामड्याला दर दिवाळीत स्वतः तेल लावायचे ती सीट उंदरांनी पोखरली होती. मी तेव्हा एक तास बसून त्यांच्याशी बोललो असतो, तर ती गाडी आज रस्त्यावर असती. म्हणून तुम्हाला एवढं लांब लिहितोय.

कायद्यातली बाजू त्यामुळेच आधी समजून घ्या. मालक गेल्यावर वारसांनी ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. एकापेक्षा जास्त वारस असले की बाकीच्यांची संमती लागते, आणि गाडं अडतं ते तिथेच. तुम्ही हयात असताना हेच काम फॉर्म २९ आणि ३० वर, तुमच्या सहीनं होतं. निदान मृत्युपत्रात गाडीचा वेगळा परिच्छेद करा, त्यात चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहा आणि ती एकाच व्यक्तीच्या नावे करा. "दोघांना समान" असं गाडीबाबत लिहू नका. फ्लॅटचं भाडं वाटून घेता येतं, टीडीचं काय वाटणार?

दुसरी गोष्ट नोंदणीची. तुमची आरसी साध्या नोंदणीवर असेल तर दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. ते चालू आहे ना, तारीख बघा. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी त्यात घेता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. पण त्यात गेलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे तुम्ही किंवा गाडी घेणारा रविवारी सकाळी सहज फेरी मारणार असाल, तर माझा कल साधी नोंदणी चालू ठेवण्याकडे आहे. घेणाऱ्याला संग्रहात ठेवायची असेल तर तो विंटेजमध्ये नेईल. हा निर्णय त्याच्यावर सोडा, मात्र तुमची साधी नोंदणी लॅप्स होऊ देऊ नका. आणि चालवणं सोपं व्हावं म्हणून गिअरबॉक्स बदलणं, सर्वो बसवणं असले बदल या घडीला करू नका. मूळ स्वरूप गेलं की पुढच्या माणसाची विंटेजची वाट अडचणीची होते. जादा आरसे आणि पट्टे, तेही पुन्हा काढता येतील अशा रीतीनं, एवढं करायला हरकत नाही.

मुंबईच्या व्यापाऱ्याबद्दल. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण सगळी रक्कम रोख देतो म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे तुम्हाला. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही मागितली तर नाही म्हणा. गाडी दुसऱ्याच्या हातात, नाव तुमचं, आणि मध्येच अपघात झाला तर नोटीस कोथरूडला येते. नाव बदललं, मग गाडी गेली, हाच क्रम ठेवा.

किमतीचा आकडा मी इथे लिहिणार नाही, कारण गाडी बघितल्याशिवाय तो लिहिणं चुकीचं आहे. किंमत कशावर ठरते ते सांगतो. चॅसीवर कोरलेला नंबर, इंजिनवरच्या अष्टकोनी चकतीवरचा नंबर आणि आरसी, हे तिन्ही जुळतात का? लाकूड कसं आहे? १९७९ पासूनची बिलं, फोटो, आधीच्या मालकाची पत्रं जपली आहेत का? टीडी १९५० ते १९५३ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात जवळपास ३० हजार बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. म्हणून जगभर सुटे भाग आजही मिळतात आणि म्हणूनच ती लाखात एक अशी दुर्मीळ नाही. तिकडचे लिलावाचे भाव नेटवर बघून तसेच रुपयांत बदलू नका. इथला बाजार लहान आहे, घेणारे एकमेकांना ओळखतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांकडून लेखी मूल्यांकन घ्या, आणि ते होईपर्यंत विम्यातली ठरलेली किंमतही एकदा वाचून बघा. बहुतेकांची वीस वर्षांपूर्वीची असते.

काहीजण सुचवतील, इंजिनिअरिंग कॉलेजला भेट द्या. भावना चांगली आहे, पण मी याच्या विरुद्ध आहे. ज्यांनी दिली त्यांच्या गाड्या मी नंतर जिन्याखाली बघितल्यात. ज्या प्राध्यापकांनी हौसेनं घेतली ते निवृत्त झाले की तिला वाली उरत नाही. संग्रहालयाला द्यायची तर आधी तिथे जाऊन, गेल्या वर्षी आलेली गाडी नव्हे, दहा वर्षांपूर्वी आलेली कशी ठेवलीय ते बघा. तिच्या टायरखाली डाग आहेत का बघा. तेलाचा ताजा डाग दिसला तर मला बरं वाटतं, म्हणजे ती अजून चालवतात.

मग द्यायची कुणाला? मी तीन गोष्टी बघतो. त्याच्याकडे झाकलेली, कोरडी जागा आहे का. तो स्वतः हात काळे करतो का, निदान शिकायला तयार आहे का. आणि तुम्ही "मी अधूनमधून येईन" म्हणालात तर त्याचा चेहरा कसा होतो. पैसे थोडे कमी देणारा पण या तिन्हीत बसणारा माणूस मिळाला, तर मी तुमच्या जागी त्यालाच दिली असती. तुमची पैशाची गरज किती आहे हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. औषधपाण्यासाठी ती रक्कम हवी असेल तर वरच्या वाक्याकडे दुर्लक्ष करा, आणि त्यात काही वाईट वाटून घेऊ नका. गाडीनं मालकाच्या म्हातारपणाला हात दिला तर ते तिनं सन्मानानंच केलेलं काम आहे.

आता एक विचारतो, रागावू नका. मुलगा कॅनडात आहे म्हणून गाडीला घरात कुणी नाही, असा तुमच्या लिहिण्याचा सूर आहे. मुलगी बाणेरला आहे. ती "विका" म्हणते, कारण तिला तुमची काळजी वाटते. तिला गाडी हवी आहे का, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का? वर ज्या गिऱ्हाइकांचं सांगितलं, त्यांच्या पोराला गाडीची आवड आहे असं मीही वर्षभर समजत होतो. पोरगा फक्त वडिलांसाठी चालवत होता. आवड सुनेला होती. आज इंजिनाच्या ठिणगीचे पॉइंट ती स्वतः लावते, आणि गाडी तिच्या नावावर आहे. सासऱ्यांनी ते स्वतःहून केलं, आरटीओच्या रांगेत स्वतः उभं राहून.

गाडी कुणालाही गेली तरी गाडीबरोबर काय काय गेलं पाहिजे ते बघा. पाने आधी. तुमच्या एक्सपीएजी इंजिनचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडून तुम्ही ते पाने एकेक करून जमवले असणार. ते गाडीचेच समजा, माळ्यावर ठेवून घेऊ नका. नाहीतर नवा माणूस मेट्रिकचा पाना अडकवून पहिल्या आठवड्यात बोल्टची डोकी गोल करेल. मग सुट्या भागांची ट्रंक, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून. आणि मग तुम्हाला जे माहीत आहे ते. तुमच्या गाडीचा दुसरा गिअर थंड असताना जरा थांबून टाकावा लागतो, मे महिन्यात कात्रज चढताना पंपाजवळ पेट्रोलची वाफ धरते तेव्हा तुम्ही काय करता, कुठला ग्रीस निपल हाताला सापडत नाही पण आहे. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. हे तुमच्याबरोबर गेलं तर गाडी जिवंत राहील, पण पुढचा माणूस तुम्हाला ४५ वर्षांत कळलेलं पुन्हा पहिल्यापासून शिकत बसेल.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. या आठवड्यात रात्रीचं आणि गर्दीचं चालवणं बंद, आणि ब्रेकचे चारही ड्रम उघडून बघणं. कुणाकडूनही करा, पण उघडताना तुम्ही समोर बसा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घ्या. त्यानंतर एका रविवारी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, घरच्या नव्हे अशा एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून फेरी मारा आणि तो जे सांगेल ते ऐका. मुलीशी बोला, वकिलाकडून तो परिच्छेद लिहून घ्या. मालकी कुणाकडे जायची हे येत्या पावसाळ्याच्या आत ठरवा, म्हणजे पावसाळाभर गाडी कुणाच्या छपराखाली आहे हा प्रश्न राहणार नाही. कागद पुढे-मागे होतील, पण नाव ठरलेलं हवं.

मुंबईच्या गृहस्थांना सध्या एवढंच कळवा, की अजून ठरलेलं नाही. आणि आज दुपारी एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर लिहा, थंडीत सकाळी चोक किती ओढायचा आणि पंपाची टिकटिक थांबायला किती वेळ लागतो. दुसऱ्या पानावर काय येणार ते लिहिता लिहिता तुम्हाला आठवेलच. अडलं तर गाडी घेऊन माझ्याकडे या, डावीकडे बसून.